व्हिडिओ पोकर: ९/६ आणि ८/५ मशीनमध्ये खरंच एवढा फरक पडतो का?

नवा_भिडू

लास व्हेगासला चार दिवस मुक्काम आहे. स्लॉटमध्ये रस नाही, पण व्हिडिओ पोकर नीट समजून मग खेळायचं आहे. रमी आणि तीन पत्ती येते, पोकरचे हात पाठ आहेत. माहिती शोधली की जो तो सांगतो, ‘नाइन-सिक्स जॅक्स ऑर बेटर शोधा’. का शोधा, ते कुणी धड सांगत नाही.

प्रश्न असे: नऊ-सहा म्हणजे नेमकं काय, आणि मशीन आठ-पाच असेल तर रुपयात (म्हणजे डॉलरात) किती फटका? दर डावाला पाच कॉइन लावलेच पाहिजेत का? जोडीबरोबर एक्का ठेवायचा की टाकायचा? आणि बराच वेळ रॉयल (सगळ्यात मोठा हात, एकाच रंगाचे दश्शी ते एक्का) न लागलेलं मशीन ‘पिकलेलं’ असतं, यात तथ्य किती?

बावन्नपत्ती

आधी पे-टेबल (कुठल्या हाताला किती मिळतात याचा तक्ता), मग पत्ते. मशीन पाच पत्ते देतं, हवे ते ठेवायचे आणि बाकीचे एकदाच बदलून घ्यायचे. जॅक्स ऑर बेटर म्हणजे गुलामांच्या जोडीपासून पुढे पैसे देणारा खेळ.

जॅक्स ऑर बेटरमध्ये एका कॉइनमागे फुल हाउसला (तीन सारखे आणि एक जोडी) ९ आणि फ्लशला (पाचही एकाच रंगाचे) ६ मिळत असतील तर ते ९/६. बाकीचा तक्ता बहुतेक ठिकाणी सारखाच असतो, म्हणून या दोन आकड्यांवरून मशीन ओळखतात. अचूक खेळलं तर कुठला हात किती वेळा येतो ते पाहा:

रॉयल फ्लश: ८०० (पाच कॉइन लावले तरच), सुमारे ४०,३९१ डावांत एकदा
स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाचे सलग पाच): ५०, ९,१४८ डावांत एकदा
चार सारखे: २५, ४२३ डावांत एकदा
फुल हाउस: ९, ८७ डावांत एकदा
फ्लश: ६, ९१ डावांत एकदा
स्ट्रेट (मिश्र रंगांचे सलग पाच): ४, ८९ डावांत एकदा
तीन सारखे: ३, साडेतेरा डावांत एकदा
दोन जोड्या: २, पावणेआठ डावांत एकदा
गुलाम किंवा वरची जोडी: १, साधारण पावणेपाच डावांत एकदा

उरलेल्या ५४.५ टक्के डावांत काहीच मिळत नाही. प्रत्येक ओळीचा मोबदला गुणिले शक्यता, आणि सगळ्यांची बेरीज: ९९.५४ टक्के. म्हणजे १०० डॉलर लावले की लांबच्या पल्ल्यात सरासरी ४६ सेंट कॅसिनोकडे राहतात.

आता ८/५ चं उत्तर याच तक्त्यात आहे. फुल हाउस १.१५ टक्के वेळा येतो, त्याचा एक कॉइन कापला की परतावा १.१५ ने घसरला. फ्लश १.१० टक्के वेळा येतो, त्याचा एक कापला की आणखी जवळपास तेवढाच. म्हणून ८/५ म्हणजे ९७.३०, ७/५ म्हणजे ९६.१५ आणि ६/५ म्हणजे ९५.००. तक्ता पाहून मनातल्या मनात हिशोब होतो.

पैशात सांगायचं तर: पंचवीस सेंटचे पाच कॉइन म्हणजे डावाला १.२५ डॉलर. तासाला ६०० डाव हा सराईत हाताचा वेग, म्हणजे ७५० डॉलरची उलाढाल. ९/६ वर तासाला सरासरी साडेतीन डॉलर जातात, ८/५ वर वीस, ६/५ वर साडेसदतीस. पडदा तोच, बटणं तीच, खेळायची पद्धतही जवळजवळ तीच.

हे गणित करता येतं, कारण नेवाडाच्या (लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्याच्या) नियमानुसार पडद्यावर पत्ते दाखवणाऱ्या मशीनमध्ये प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता खऱ्या बावन्न पत्त्यांच्या कॅटइतकीच असावी लागते. स्लॉटच्या चक्रांत काय दडलंय ते बाहेरून कळत नाही. इथे तक्ता समोर, कॅट ठाऊक, लपवायला जागाच नाही.

‘पिकलेलं मशीन’ हे याच कारणाने थोतांड. दर डावाला कॅट नव्याने पिसला जातो, मागचं काही त्याच्या लक्षात राहत नाही. उलट असं बघा: ४०,३९१ डाव खेळूनही एकही रॉयल न येण्याची शक्यता ३७ टक्के आहे. त्यानंतरच्या डावातही शक्यता तेवढीच, ४०,३९१ त एक.

हेंडरसनकर

वरचं सगळं बरोबर, पण जागेवर गेल्यावर माणूस फसतो तो तक्ता वाचताना. त्याबद्दल.

एकाच मशीनमध्ये दहा-पंधरा खेळ आणि चार-पाच दर (म्हणजे एका कॉइनची किंमत) असतात. पंचवीस सेंटवर ८/५ दिसलं आणि तोच खेळ एक डॉलरवर नेला की ९/६ होतो, असं सर्रास असतं. म्हणून दर बदलला की तक्ता पुन्हा वाचायचा. पैसे आत घालण्याआधी खेळ निवडून सगळे तक्ते पाहता येतात, लाजायचं कारण नाही.

काही पडद्यांवर फक्त पाच कॉइनचा रकाना ठळक दिसतो. तिथे फुल हाउसला ४५ आणि फ्लशला ३० असेल तर ते ९/६. ४० आणि २५ असेल तर ८/५. आणि तेवढे दोनच आकडे पाहून थांबू नका. खाली दोन जोड्यांना २ च आहेत ना, ते बघा. तिथे १ असेल तर तो जॅक्स ऑर बेटर नाहीच, बोनसवाला दुसरा खेळ आहे, आणि त्याचं ‘९/६’ वेगळं.

स्ट्रिपवर (व्हेगासचा मोठ्या कॅसिनोंचा मुख्य रस्ता) पंचवीस सेंटला ९/६ मिळणं अवघड, एक डॉलर आणि वर शक्यता वाढते. स्थानिक लोक जातात त्या, स्ट्रिपपासून दूरच्या कॅसिनोत तक्ते साधारणपणे बरे. बारच्या काउंटरमध्ये बसवलेली मशीन बहुधा सगळ्यात कंजूष असतात. तिथला ‘फुकट’ ग्लास तक्त्यातून वसूल होतो.

पाच कॉइनबद्दल: १ ते ४ कॉइनवर रॉयलला कॉइनमागे २५० मिळतात, पाचव्यावर एकदम ८००. बाकी सगळे हात सरळ पटीत. त्यामुळे ९/६ वर एकच कॉइन लावलात तर परतावा ९९.५४ वरून सुमारे ९८.४ वर येतो. म्हणून पाच लावा म्हणतात. पण हे मंत्रासारखं म्हणू नका. समजा पंचवीस सेंटला फक्त ८/५ आहे आणि डॉलरला ९/६. डॉलरच्या मशीनवर एकच कॉइन लावलात तर डावाला १ डॉलर लागतो आणि सरासरी दीड-पावणेदोन सेंट जातात. पंचवीस सेंटच्या ८/५ वर पाच कॉइन म्हणजे १.२५ डॉलर, आणि जातात सुमारे ३.४ सेंट. इथे एक कॉइनच शहाणपणाचा.

एक सावधगिरी. ‘मॅक्स बेट’ दाबलं की मशीन लगेच पाच कॉइन घेऊन पत्ते वाटतं, विचारत नाही. दर चुकून पाच डॉलरवर राहिला असेल तर एका बोटात २५ डॉलर गेले. आणि ड्रॉ (पत्ते बदलायचं बटण) दाबण्याआधी ठेवलेल्या प्रत्येक पत्त्यावर ‘हेल्ड’ (ठेवला) उमटलंय का ते पाहा. जुनी बटणं कधीकधी दाब घेत नाहीत. ठेवलेली जोडी डोळ्यांदेखत जाते आणि तक्रारीला अर्थ नसतो.

किलवरची_दुर्री

एक्क्याचं उत्तर: टाकायचा. सरळ मोजून दाखवते.

हातात दोन गुलाम, एक्का, अठ्ठी आणि पंजी. फक्त गुलामांची जोडी ठेवून तीन पत्ते घेतले तर १६,२१५ प्रकारे डाव पुरा होतो: ४५ वेळा चार सारखे, १६५ वेळा फुल हाउस, १,८५४ वेळा तीन सारखे, २,५९२ वेळा दोन जोड्या, बाकी ११,५५९ वेळा नुसती जोडी. सरासरी १.५४ कॉइन. एक्का सोबत ठेवून दोनच घेतले तर १,०८१ प्रकार: एकदा चार सारखे, ९ फुल हाउस, ८४ तीन सारखे, १८६ दोन जोड्या. सरासरी १.४२. दोन जोड्या थोड्या वाढतात, पण तीन सारखे आणि चार सारखे मार खातात. दर वेळी एका कॉइनच्या १२ टक्क्यांचं नुकसान, आणि वरची जोडी हातात सारखी येते.

आता क्रम. पहिल्या पाच पत्त्यांतून काय ठेवायचं याचे ३२ पर्याय असतात, पण ही शिडी वरून खाली वाचायची आणि जी पायरी पहिली जुळेल तिथे थांबायचं:

रॉयल, स्ट्रेट फ्लश, चार सारखे
रॉयलचे चार पत्ते
फुल हाउस, फ्लश, स्ट्रेट, तीन सारखे
स्ट्रेट फ्लशचे चार
दोन जोड्या
गुलाम किंवा वरची जोडी
रॉयलचे तीन
फ्लशचे चार
लहान जोडी (दश्शी किंवा खालची)
दोन्ही टोकांना उघड्या स्ट्रेटचे चार
एकाच रंगाची दोन चित्रं (एक्का धरून)
स्ट्रेट फ्लशचे तीन
वेगळ्या रंगांची दोन चित्रं. तीन असतील तर त्यातली खालची दोन
एकाच रंगाची दश्शी आणि गुलाम, राणी किंवा राजा
एकच चित्र किंवा एक्का
काहीच नाही: पाचही टाका

एवढ्यावर ९९.४६ टक्क्यांपर्यंत पोचता. शेवटच्या ०.०८ टक्क्यांसाठी बारीक अपवाद पाठ करावे लागतात, चार दिवसांसाठी त्याची गरज नाही.

यातल्या दोन पायऱ्या मनाला पटत नाहीत, म्हणून आकडे देते. बदामचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि बदामचीच पंजी. फ्लश तयार आहे, ६ कॉइन खिशात. तरी पंजी टाकायची. उरलेल्या ४७ पत्त्यांत बदामची दश्शी १ (८०० कॉइन), इतर बदाम ७ (प्रत्येकी ६), इतर दश्शा ३ (स्ट्रेट, प्रत्येकी ४), जोडी करणारे १२ (प्रत्येकी १). बेरीज ८६६, भागिले ४७ म्हणजे १८.४. सहाच्या तिप्पट. बहुतेक वेळा फ्लश हातचा जाईल आणि वाईट वाटेल, तरी बरोबर तेच.

दुसरं: लहान जोडी विरुद्ध एक्का. दोन छक्क्या आणि एक एक्का असेल तर छक्क्या ठेवा. छक्क्यांची जोडी स्वतः काही देत नाही, पण सरासरी ०.८२ देते, एकटा एक्का अर्ध्या कॉइनच्याही खाली. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

तिसरं एक राहिलं, मधला पत्ता हरवलेला स्ट्रेट. पंजी, छक्की, अठ्ठी, नव्वी आणि सत्तीची वाट. ४७ पैकी ४ सत्त्या, प्रत्येकी ४ कॉइन: ०.३४. पाचही पत्ते फेकले तर ०.३६. म्हणजे फेकणंच बरं.

तीन पत्तीवाल्यांनी एक लक्षात ठेवा: तिथे सिक्वेन्स कलरच्या वर असतो, इथे फ्लश स्ट्रेटच्या वर. तीन पत्त्यांत कलर जास्त वेळा जमतो, पाच पत्त्यांत सिक्वेन्स. म्हणून क्रम उलटा. सवयीने हात तिकडे वळतो.

बावन्नपत्ती

शिडी उत्तम. एक अपवाद मात्र चार दिवसांतही भेटेल, तो सांगून ठेवतो. राजा, राणी, गुलाम, दश्शी, दश्शी, सगळे मिश्र रंगांचे. शिडीप्रमाणे दश्श्यांची जोडी ठेवाल, मिळतील ०.८२. चौघांचा स्ट्रेट ठेवलात तर ४ एक्के आणि ४ नव्व्या मिळून ३२ कॉइन, शिवाय राजा, राणी, गुलाम यांची जोडी लागण्याचे ९ पत्ते. ४१ भागिले ४७ म्हणजे ०.८७. इथे जोडी मोडायची. राणी, गुलाम, दश्शी, नव्वी असेल तर ३८ भागिले ४७, ०.८१, तिथे पुन्हा जोडीच. एका चित्राने पारडं फिरतं.

किलवरची_दुर्री

मान्य. हा एक शिडीत घालायला हवा होता.

नवा_भिडू

खूपच उपयोगी, धन्यवाद दोघा-तिघांना. आणखी विचारतो. पंचवीस सेंटच्या ९/६ वर चार तास बसायचं तर किती पैसे जवळ ठेवावेत? सगळीकडे ‘डबल डबल बोनस’ दिसतो, चार एक्क्यांना ४०० वगैरे, तो खेळावा का? आणि पुण्यात असताना सराव कसा करायचा? डॅलसचे नातेवाईक ओक्लाहोमात जाऊन हेच खेळतात, तिथेही हीच शिडी चालते ना?

बावन्नपत्ती

पैशांचं आधी. चार तास म्हणजे सुमारे २,४०० डाव, ३,००० डॉलरची उलाढाल. सरासरी नुकसान १४ डॉलर दिसतं, पण ही सरासरी फसवी. परताव्यातले जवळपास २ टक्के एकट्या रॉयलचे आहेत, आणि अशा १०० बैठकांपैकी ९४ त रॉयल येतच नाही. त्या ९४ बैठकांत परतावा ९७.५६ टक्केच, म्हणजे सरासरी ७३ डॉलरची घट, आणि त्याभोवतीचा चढउतार (प्रमाण विचलन) सुमारे ११८ डॉलर. सोप्या भाषेत: बहुतेक बैठका ४५ डॉलर नफा ते १९० डॉलर तोटा यांच्यामध्ये संपतील, अधूनमधून ३०० पर्यंत खड्डा पडेल. ३०० डॉलर ठेवा, आणि ते गेले तर उठायचं असं ठरवूनच ठेवा. नुकसान भरून काढायला डॉलरच्या मशीनवर उडी मारली की हेच सगळे आकडे चौपट.

रॉयल लागलाच तर पंचवीस सेंटवर १,००० डॉलर, ते बहुधा थेट क्रेडिटमध्ये चढतात. डॉलरच्या मशीनवर पाच कॉइनचा रॉयल ४,००० चा. तिथे मशीन थांबतं, कर्मचारी येऊन कागद भरतो. अमेरिकेत कराच्या दृष्टीने रहिवासी नसलेल्या पाहुण्याच्या रकमेतून ३० टक्के कापले जातात. ब्लॅकजॅक आणि रूलेटला यातून सूट आहे, मशीनला नाही. पासपोर्ट मागतील, जवळ असू द्या.

किलवरची_दुर्री

डबल डबल बोनस: ९/६ तक्त्यावर ९८.९८ टक्के, म्हणजे वाईट खेळ नाही. पण दोन जोड्यांना २ ऐवजी १ मिळतो, आणि तो पैसा वर चार एक्क्यांकडे नेलेला असतो. चार एक्क्यांना १६०, सोबत दुर्री, तिर्री किंवा चौकी असेल तर ४००. चढउतार जॅक्स ऑर बेटरच्या दीडपट. तेच ३०० डॉलर इथे खूप लवकर संपू शकतात. आणि दिसणाऱ्या बहुतेक मशीनवर तो ९/६ नसतो, ८/५ किंवा त्याखालचा असतो. म्हणजे तिथेही तक्ता आधी.

शिडीही बदलते. तिथे एक्क्यांचा फुल हाउस आला, समजा तीन एक्के आणि दोन पंज्या, तर ९ कॉइन न घेता पंज्या टाकायच्या: तीन एक्के ठेवण्याची किंमत १२.७ आहे. तीन एक्के आणि दुर्री आली की ४०० च्या लोभाने दुर्री ठेवावीशी वाटते. ठेवली तर सरासरी ११.८, टाकली तर १२.५. चौथा एक्का शोधायला दोन संधी लागतात, दुर्री धरून एकच उरते. जॅक्स ऑर बेटरची शिडी हातात बसेपर्यंत याच्या नादी लागू नका. दोन्ही डोक्यात एकत्र कालवली की दोन्ही बिघडतात.

हेंडरसनकर

सरावाला पैसे लावायची गरजच नाही. चुकीचा पत्ता ठेवला की लगेच टोकणारे, बिनपैशांचे सराव-खेळ फोनवर आणि संगणकावर मिळतात. त्यातल्या तक्त्यात ९/६ निवडा आणि वेगाकडे बघू नका. चूक न होता सलग ३०० डाव झाले की पुरे. भारतात बसून पैसे लावून ऑनलाइन खेळायचा विचार असेल तर सोडा, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत.

ओक्लाहोमाचा प्रश्न महत्त्वाचा, कारण तिथे हे सगळं गणित कोसळू शकतं. आदिवासी जमातींच्या कॅसिनोत दोन जातींची मशीन असतात. एक नेवाडासारखी, खऱ्या कॅटवर चालणारी. दुसरी ‘क्लास टू’, म्हणजे आतून बिंगो. त्यात निकाल बिंगोच्या सोडतीत ठरतो, पडद्यावरचे पत्ते ही फक्त सजावट. तुम्ही रॉयलचे चार पत्ते फेकून दिलेत तरी जिंकायची रक्कम ठरलेली असेल तर मशीन दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने, कधीकधी पत्ते बदलणारं एखादं कार्टून आणून, ती देतं. तिथे शिडी निरुपयोगी, आणि तक्ता वाचून परतावाही काढता येत नाही.

ओळखायचं कसं: पडद्याच्या एका कोपऱ्यात पाच बाय पाच घरांचं छोटं बिंगो कार्ड असतं, कधी इतकं बारीक की वाकून पाहावं लागतं. मशीनवर किंवा मदतीच्या पानावर ‘बिंगो’ शब्द असतो. तो दिसला की नातेवाइकांना सांगा, दुसऱ्या रांगेत बघा.